हरियल बघायचा तर आधी झाड बघा

राज्यप्राणी शेकरू, राज्यपुष्प ताम्हण, राज्यपक्षी हरियल. शाळेत असताना हे आपण सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं, परीक्षेत त्याचा गुणही मिळवलेला असतो. पण हरियल प्रत्यक्ष पाहिलाय का, असं विचारलं की बरेच जण थबकतात. पोपटासारखा असतो ना, आत कुठेतरी जंगलात असतो ना, अशी उत्तरं येतात. मला याची फार हळहळ वाटते, कारण हरियल, म्हणजे आपलं हिरवं कबुतर, दुर्मिळ नाही. तो ताडोब्यात आहे, पेंचमध्ये आहे, मेळघाटात आहे. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात आणि मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही आहे. कितीतरी जणांच्या घराजवळच्या पिंपळावर तो येऊन जातो आणि खालून जाणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

ज्यांनी नुकतीच दुर्बीण घेतली आहे किंवा अजून घ्यायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं बालपण भंडारा जिल्ह्यातल्या गावात गेलं. तिथे आजोबा या पक्ष्याला हरोळी म्हणत. पुढे पुण्यात आले, दुर्बीण हाती आली आणि त्याच्या मागे लागले. सुरुवातीची दोन वर्षं मी हरियल शोधत फिरले आणि फारसं काही दिसलं नाही. मग झाडं शोधायला लागले, तेव्हा हरियल दिसू लागला. खाली जे सांगते आहे ते सगळं या एका गोष्टीभोवतीच आहे.

पहिली पायरी : रूप डोळ्यांत भरून घ्या

आकाराने हरियल आपल्या इमारतींवरच्या पारव्याएवढाच, साधारण ३० ते ३३ सेंटीमीटर, पण अंगाने जरा भरीव. वजन पाव किलोच्या आसपास. डोकं राखी, मान आणि छाती पिवळसर हिरवी, पाठ शेवाळी हिरवी. पंख मिटलेले असताना त्यांच्या कडेवर एक स्वच्छ पिवळी रेघ दिसते आणि खांद्यापाशी फिकट जांभळा डाग असतो. मादीचा डाग जरा फिका आणि लहान. बाकी नर-मादीत लांबून फरक करता येत नाही, त्यात वेळ घालवू नका.

सगळ्यात महत्त्वाचे पाय. पिवळेधमक, हळदीत बुडवून काढल्यासारखे. कबुतराच्या कुळातल्या बहुतेक पक्ष्यांचे पाय लालसर असतात, त्यामुळे ही खूण पक्की धरा. इंग्रजी नावातही पिवळ्या पायांचाच उल्लेख आहे. शास्त्रीय नाव ट्रेरॉन फिनिकॉप्टेरस. ट्रेरॉन हे सगळ्या हिरव्या कबुतरांचं गटनाव.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण नव्या मंडळींची यात हमखास फसगत होते. इंटरनेटवर हरियल शोधलात तर भरतपूर, दिल्ली अशा उत्तरेकडचे फोटो भरपूर येतात. त्या पक्ष्यांचं पोट राखी असतं. आपल्याकडे दख्खनात जी उपजात आहे, क्लोरिगास्टर नावाची, तिचं पोट पिवळसर हिरवं असतं. फोटोशी पोट जुळत नाही म्हणून 'हा वेगळा पक्षी असावा' असं समजू नका. पाय बघा.

हा पक्षी मी अगदी हाताच्या अंतरावरून एकदाच पाहिला आहे. आमच्या सोसायटीच्या जिन्याच्या काचेवर एक हरियल आदळला आणि खाली सुन्न होऊन पडला. उचलला तर मुठीत कापसाचा गरम गोळा धरल्यासारखं वाटलं आणि आत छाती धडधडत होती. बोटं जाड, मऊ, खालून गुबगुबीत. फांदी घट्ट धरायला बनवलेली बोटं ती. पण मी बघत राहिले ते डोळ्याकडे. बाहुलीभोवती निळं कडं आणि त्याच्या बाहेर गुलाबी कडं. झाडावर तीस फुटांवर असताना हे कधी दिसतच नाही. बुटाच्या खोक्याला भोकं पाडून, आत जुना टॉवेल घालून त्याला अंधारात ठेवलं. तासाभराने खोकं खुडबुडायला लागलं. गच्चीवर नेऊन झाकण उघडलं, क्षणभर तो कडेवर बसला आणि फडफडाट करून सरळ रस्त्यापलीकडच्या पिंपळाकडे गेला.

तुमच्यावर असा प्रसंग आला तर एवढंच करा : खोकं, अंधार, शांतता. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. भाताची शितं, पोळीचे तुकडे भरवायला जाऊ नका. तासाभरात सावरला नाही, किंवा पंख लोंबत असेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

दुसरी पायरी : झाड निवडा

हरियल जवळपास पूर्णपणे फळांवर जगतो. कधीमधी कळ्या, कोवळे अंकुर खातो, पण मुख्य अन्न फळंच, आणि त्यातही उंबराच्या कुळातली. वड, पिंपळ, उंबर, पिंपरी, नांद्रुक ही त्याची घरची झाडं. जोडीला जांभूळ, बोर अशी फळंही घेतो.

उंबर फोडल्यावर आत बारीक किडे निघतात, हे आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिलंय. त्या किड्यांतच हरियल कसा शोधायचा याची किल्ली आहे. 'उंबराचं फूल' म्हणजे कधी न दिसणारी गोष्ट, कारण या झाडांची फुलं फळाच्या आत दडलेली असतात. त्यांचं परागीभवन करायला गांधीलमाशीच्या कुळातले अगदी बारीक कीटक त्या फळात शिरतात. प्रत्येक जातीच्या झाडाचा कीटक साधारणपणे ठरलेला. हे कीटक अगदी थोडे दिवस जगतात, म्हणून त्यांना शिरायला कुठे ना कुठे नवं फळ सतत हवं असतं. सगळे वड एकाच महिन्यात फळले तर पुढच्या महिन्यात कीटकांना जागाच उरणार नाही. त्यामुळे ही झाडं आपापल्या वेळापत्रकाने फळतात. चौकातला पिंपळ लगडलेला असतो तेव्हा देवळामागचा कोराच असतो, आणि दीड-दोन महिन्यांनी उलट.

हरियलाला हे वेळापत्रक माहीत असतं. आपल्यालाही करून घ्यावं लागतं.

तेव्हा पहिल्या आठवड्यात दुर्बीण घरी ठेवा. घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत वड, पिंपळ, उंबर, पिंपरी किती आहेत ते फिरून बघा आणि वहीत लिहा. देऊळ, जुना वाडा, नदीकाठ, स्मशान, सरकारी कचेरीचं आवार, जुन्या रस्त्यांच्या कडा, इथे ती हमखास असतात. प्रत्येक झाडासमोर तीन गोष्टी टिपा : फळं आहेत का, कच्ची की पिकलेली, आणि खाली सडा पडलाय का. वडाचं फळ पिकलं की लालभडक होतं, पिंपळाचं जांभळट काळं. उंबराचं लालसर फळ खोडाला आणि जाड फांद्यांना लगडतं. पिंपळाची फळं पानांत पटकन दिसत नाहीत, पण खाली फरशीवर चिरडलेल्या फळांचे काळे डाग पडलेले असतात. पानं बघण्याआधी मी फरशी बघते.

माझ्या वहीत अशी सतरा झाडं होती. आता चौदा आहेत. एक वड रस्ता रुंद करताना गेला. तो तोडला त्या आठवड्यात त्याला फळं होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाच हरियल त्या रिकाम्या जागेवरून दोनदा गोल फिरून गेले. ते मी अजून विसरू शकलेले नाही. एका झाडाच्या जागी दहा रोपं लावू, असं सांगितलं गेलं होतं. लावलीही असतील, पण वडाचं रोप हरियलाला पुरेल इतकं फळायला किती वर्षं लागतात, याचा हिशोब कुणीतरी करायला हवा होता.

तिसरी पायरी : वेळ साधा

सूर्य उगवताना पोचा, नंतर नाही. रात्रीची थंडी अंगातून घालवायला हरियल सकाळी उंच झाडाच्या शेंड्यावर, शक्यतो निष्पर्ण फांद्यांवर येऊन बसतात आणि उन्हाकडे छाती करून ऊब घेतात. सावर, शिरीष अशा उंच झाडांचे शेंडे आधी तपासा. कोवळं ऊन पोटावर पडलं की पिवळा रंग असा उजळतो की दुर्बिणीशिवायही ओळखू येतो. थव्यात पाच-सात असतात, कधी वीसही. साधारण अर्धा-पाऊण तास हा कार्यक्रम चालतो, मग एकेक करून ते फळांच्या झाडात उतरतात आणि पानांत विरघळतात.

नवख्या माणसासाठी जानेवारी ते मे हा काळ सगळ्यात सोपा. पानगळ झालेली असते, आड येणारं काही नसतं. पावसाळ्यात झाडं गच्च होतात आणि शोधणं फार अवघड जातं. पहिला हरियल पावसाळ्यात शोधायला निघू नका, हिरमोड होईल.

दुपारी ते घनदाट पानांत गप्प बसतात. संध्याकाळी पुन्हा खायला येतात, पण संध्याकाळी ऊन डोळ्यांवर येतं आणि पक्षी काळा दिसतो. मला सकाळच बरी वाटते.

चौथी पायरी : झाडाखाली बसा, आणि बसूनच राहा

ही पायरी सगळ्यात कठीण. फळांनी लगडलेला पिंपळ समोर आहे, तुम्ही दुर्बीण लावता, पाच मिनिटं चाळता, आणि काही दिसत नाही. इथेच लोक उठतात. उठू नका.

माणूस जवळ आला की हरियल उडून जात नाही, तो जागच्या जागी थिजतो. हिरव्या पानांत हिरवा पक्षी स्तब्ध बसला की तुम्ही त्याच्याकडे थेट बघत असलात तरी तो दिसत नाही. म्हणून खोडापासून पंधरा-वीस पावलं लांब, सूर्याकडे पाठ करून, कुठेतरी टेकून बसा. भडक कपडे नकोत, मोबाइलवर बोलणं नको. दहा-पंधरा मिनिटांत त्यांची भीड चेपते.

मग आधी आवाज येतात. पानांवर टप टप फळं पडतात. वारा नसताना एखादीच फांदी हलते. तिथे दुर्बीण लावा. एक हरियल दिसेल, आणि तो दिसल्यावर डोळे सरावतात. शेजारी दुसरा, त्याच्याखाली तिसरा. मघापासून रिकामं वाटणाऱ्या झाडात बारा-पंधरा पक्षी निघतात. हा क्षण मी अनेक नव्या लोकांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे, आणि त्यासाठीच मी त्यांना घेऊन जाते.

आता त्यांचं खाणं बघा. कबुतर जमिनीवर दाणे टिपत चालतं, हे आपल्या नजरेला सवयीचं. हरियल मात्र पोपटासारखा फांद्यांवरून सरकतो, बारीक डहाळीच्या टोकापर्यंत जातो, आणि फळ खाली असेल तर चक्क उलटा लोंबकळतो. पिवळी बोटं डहाळीला घट्ट, डोकं खाली, शेपटी वर. फळ चोचीने ओढून अख्खं गिळतो. पोपट अर्धं खाऊन टाकून देतो, हरियल तसं करत नाही. डहाळी फार वाकली तर पंख फडफडवून तोल सावरतो आणि पुन्हा तेच.

आणखी एक गोष्ट, जी झाडाखाली बसून दिसत नाही. हिरव्या कबुतरांची पेषणी, म्हणजे पोटातलं जातं, चांगली मजबूत असते. फळाबरोबर गेलेल्या बियाही तिच्यात दळल्या जातात. म्हणजे बियांचा प्रसार करणारा पक्षी म्हणून हरियलाला सरसकट श्रेय देता येत नाही. घनदाट सदाहरित जंगलातल्या इम्पीरियल पिजन या मोठ्या कबुतराचं पोट याच्या उलट. ते फळाचा गर तेवढा उतरवून मोठी बी अखंड बाहेर टाकतं, रानजायफळासारखी झाडं त्यामुळेच लांब लांब पोचतात. एकाच कुळातले हे दोन पक्षी, दोघंही फळं खाणारे, आणि जंगलासाठी त्यांचं काम इतकं वेगळं. मला ही माहिती पहिल्यांदा कळली तेव्हा दोन दिवस तेच डोक्यात होतं.

त्याच झाडावर तांबट, बुलबुल, कोकिळ, साळुंक्या, नशीब असेल तर धनेशही येतात. सगळे टिपून ठेवा. नुसती एका पक्ष्याची नोंद करण्यापेक्षा एका झाडाची नोंद फार उपयोगी पडते.

पाचवी पायरी : कान तयार करा

पारव्याची घुटरघूं ऐकायला गेलात तर हरियल कधीच सापडणार नाही. तो शीळ घालतो. मृदू, गोड, वरखाली होत जाणारी, पाच-दहा सुरांची शीळ. एखादा गुराखी स्वतःशीच शीळ घालत लांबून चालला आहे असं वाटतं. माझ्या मैत्रिणीने पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती मागे वळून बघत होती, कोण माणूस येतोय म्हणून. अधूनमधून खाताना जागेवरून भांडणं होतात, तेव्हा खरखरीत कुरकुर ऐकू येते. आणि थवा अचानक उडाला तर पंखांचा मोठा फडफडाट होतो. उडण्याचा वेग जोरदार असतो, रेषेत सरळ जातात, तेव्हा पंखांवरच्या पिवळ्या रेघा झळकतात.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायची पद्धत हल्ली पडली आहे. ती करू नका. विणीच्या काळात नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा आला, आणि तो घरटं सोडून त्याच्यामागे धावतो.

सहावी पायरी : भावंडांची गल्लत टाळा

पुणे, नगर, मराठवाडा, विदर्भ, खानदेश या बाजूला हिरवं कबुतर दिसलं तर ते बहुधा हरियलच. पण सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, कोकणात आणि गोव्यात गेलात की सावध व्हा. तिथल्या दमट जंगलांत त्याची दोन भावंडं राहतात. दोन्ही अंगाने थोडी लहान, आणि दोघांचेही पाय लाल.

एक राखी कपाळाचा हरियल. हा फक्त पश्चिम घाटात सापडतो, जगात दुसरीकडे कुठेच नाही. याच्या नराच्या पाठीवर गडद तांबूस-किरमिजी शाल पांघरल्यासारखी असते. त्यामुळे तो लगेच कळतो. दुसरा नारिंगी छातीचा. याच्या नराच्या छातीवर वर जांभळा पट्टा आणि त्याखाली नारिंगी. या दोघांच्या माद्या मात्र एकमेकींसारख्याच हिरव्या आणि भल्याभल्यांना चकवणाऱ्या. मादी एकटी दिसली तर वहीत 'लाल पायांचं हिरवं कबुतर' एवढंच लिहा. खात्री नसताना नाव लिहून टाकण्यापेक्षा ते कितीतरी प्रामाणिक.

पाचू कवड्याची गल्लत नावामुळे होते. तोही हिरवा, पण फक्त पंखांवर धातूसारखी चमक असलेला, चोच लाल, आणि जंगलात जमिनीवर दाणे वेचत फिरणारा. झाडाच्या शेंड्यावर बघून त्याला शोधणं व्यर्थ.

तिळारी, आंबोलीच्या रानांपासून खाली गोव्यात, कर्नाटकात जाल तर वर उल्लेख केलेला इम्पीरियल पिजनही भेटेल. पारव्याच्या जवळपास दीडपट मोठा, राखी डोकं, तपकिरी पाठ, आणि आवाज खोल घुमणारा. तो एकदा ऐकलात की विसरणार नाही.

सातवी पायरी : पाण्यावरचा हरियल

हरियल जमिनीला पाय लावत नाही, असं आजोबा सांगत. पाणी प्यायला उतरायचं झालं तर पायात काटकी धरून उतरतो, म्हणजे पाय मातीला लागत नाही. उत्तर भारतात हीच समजूत आहे, आणि जी गोष्ट सुटता सुटत नाही तिला तिकडे 'हारिल की लकडी' म्हणतात. समजूत का पडली हे त्याला बघत बसलं की कळतं. फळांत पाणी भरपूर असतं, त्यामुळे खाली उतरण्याची गरजच त्याला फार कमी पडते.

पण उतरतो. मे महिन्यात नागझिऱ्याला, सुकत आलेल्या ओढ्यातल्या एका डबक्यापाशी आम्ही बसलो होतो. समोर जांभळीवर हरियल होते. वीस मिनिटं ते नुसते एकेक फांदी खाली येत राहिले, मान तिरकी करून आजूबाजूला बघत, पुन्हा वर जात. शेवटी एक जण पाण्यात झुकलेल्या मुळीवर उतरला. चोच पाण्यात बुडवली आणि ती वर न काढता एका दमात प्याला. चिमणी, कोंबडी चोचीत पाणी घेऊन मान वर करतात तसं कबुतराच्या कुळात नसतं, ते आपण पेल्याला तोंड लावून पितो तसं ओढून पितात. सहा-सात सेकंद लागली असतील. मग फडफडाट, आणि सगळे वर. पायात काटकी नव्हती, एवढं मी आजोबांना मनातल्या मनात सांगितलं.

अशा जागी पाण्यापासून निदान तीस-चाळीस पावलं लांब बसा. तुम्ही जवळ सरकलात तर तो पाणी न पिताच जातो, आणि उन्हाळ्यात ते त्याला फार महागात पडतं.

आठवी पायरी : घरटं दिसलं तर

वीण मुख्यतः मार्च ते जून. घरटं म्हणजे दुबेळक्यात टाकलेल्या मूठभर काटक्या. इतकं विरळ की खालून बघितलं तर काटक्यांच्या फटींतून अंडी दिसतात. अंडी दोन, पांढरीशुभ्र. नर-मादी दोघं आळीपाळीने उबवतात, साधारण दोन आठवडे. पिल्लांना सुरुवातीला दोघंही आपल्या गळ्याच्या पिशवीत तयार होणारा दह्यासारखा दाट स्राव भरवतात, कबुतरांचं दूध म्हणतात ते. मग हळूहळू फळं.

घरटं सापडलं तर कुणाला सांगू नका, फोटोही काढू नका, निदान त्या महिन्यात तरी नकोच. तुम्ही खाली उभे राहिलात की पक्षी उठतो, आणि वर कावळा वाट बघत असतो. फांदी छाटून फोटोसाठी जागा मोकळी करणारेही मी पाहिले आहेत. पिल्लांना त्या फांदीचीच सावली असते.

बरोबर काय घ्यायचं आणि मग काय करायचं

दुर्बीण ८ बाय ४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरेशी, महागडी नको. वही, पेन्सिल, पाणी, टोपी. कॅमेरा पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत घरीच ठेवा. फोटोच्या नादात झाडाकडे बघायचं राहतं.

वहीत तारीख, वेळ, झाड, फळांची अवस्था, पक्ष्यांची संख्या आणि काय करत होते ते लिहा. मग ती नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, मोफत आहे. दर फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट हा जगभरातला पक्षीगणनेचा उपक्रम असतो, त्यात पंधरा मिनिटांची नोंदही चालते आणि सुरुवात करायला तो चांगला मुहूर्त आहे.

हरियल आज जागतिक पातळीवर धोक्यात नाही. भारतीय उपखंडापासून व्हिएतनामपर्यंत तो पसरलेला आहे. इंग्रजांच्या काळात मांसासाठी त्याची भरपूर शिकार होई. आता १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ती गुन्हा आहे. गलोलीने पाडणारी किंवा विकायला आणणारी माणसं कुठे दिसली तर स्वतः वाद घालत बसू नका, वर दिलेल्या १९२६वरच कळवा. जागा आणि वेळ नेमकी सांगा.

गावाकडे जमीन असेल, शेताचा बांध असेल, तर एक उंबर लावा. वडाच्या मानाने तो लवकर फळतो आणि ओढ्याकाठी चांगला वाढतो. शहरात असाल तर तुमच्या वहीतल्या झाडांवर लक्ष ठेवा. कुठल्या झाडावर तोडणीची नोटीस लागली तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे मुदतीत लेखी हरकत घ्या, आणि हरकतीसोबत तुमच्या नोंदी जोडा : अमुक तारखेला या पिंपळावर इतके हरियल होते. 'झाड वाचवा' म्हणण्यापेक्षा हा कागद जास्त वजनदार ठरतो.

आमच्या रस्त्यापलीकडचा पिंपळ सध्या कच्चा आहे. फळं अजून हिरवी आणि टणक आहेत. अंदाजाने अजून तीन आठवडे. काल सकाळी एक हरियल आला, दोन फांद्या चाचपून बघितल्या आणि निघून गेला.